जळगावच्या डाळीचा कट्टा निकोबारच्या दुकानात पोचतो कसा? बेटांची चूल पेटती ठेवणाऱ्या जहाजांची गोष्ट

धुळ्याहून पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर असा जाणारा महामार्ग खान्देशात सगळ्यांच्या रोजच्या वापरातला. जुनी माणसं त्याला अजून ‘सहा नंबर’ म्हणतात, नवा क्रमांक ५३. हा रस्ता कुठून निघतो आणि कुठं संपतो, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. पश्चिमेचं टोक सुरतजवळचं हजिरा, पूर्वेचं टोक ओडिशातलं पारादीप. दोन्ही टोकांना बंदर! खान्देशाला समुद्र नाही, पण दारावरून जाणारा रस्ता दोन्हीकडे समुद्रालाच जाऊन भिडतो.

बंदर म्हटलं की आपल्याकडे आधी निर्यात आठवते. रावेर-यावलची केळी गार कंटेनरमध्ये भरून न्हावा शेव्याला जाते, तिथून आखाती देशांत. पण प्रत्येक जहाज परदेशीच जातं असं नाही. देशातल्याच एका बंदरात माल भरायचा आणि देशातल्याच दुसऱ्या बंदरात उतरवायचा, असंही खूप काम चालतं. याला तटीय किंवा किनारी वाहतूक म्हणतात. मुख्य भूमीवर तिला रेल्वे आहे, ट्रक आहे, म्हणजे दुसरा पर्याय आहे. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप या दोन बेटसमूहांत मात्र तिच्यावाचून किराणा दुकान उघडत नाही.

२०११ च्या जनगणनेत अंदमान-निकोबारची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या घरात होती, लक्षद्वीपची साधारण ६४ हजार. लक्षद्वीपमध्ये वस्तीची बेटं फक्त १०, आणि सगळ्या बेटांची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. एवढ्या जमिनीत नारळ होतो, भोवती ट्यूना मासा मिळतो. तांदूळ, डाळ, साखर, कांदा, बटाटा, सिमेंट, लोखंड, औषधं, डिझेल हे सगळं बाहेरून. विमानाने औषधं आणि टपाल जातं. सिमेंटची गोणी विमानाने कोण नेणार?

एका कट्ट्याचा प्रवास

जळगावची डाळ देशभर जाते, इथल्या डाळ मिल प्रसिद्धच आहेत. समजा, इथल्या तूरडाळीचा ५० किलोचा एक कट्टा ग्रेट निकोबार बेटावरच्या कॅम्पबेल बे गावातल्या दुकानात पोचवायचा आहे. देशाच्या दक्षिण टोकाचं हे बेट.

कट्टा मिलमधून ट्रकवर चढतो. बिल्टी फाटते ती चेन्नईची. जमिनीवरचा हा प्रवास हजार किलोमीटरच्या पुढचा, तीन-चार दिवसांचा. चेन्नईत अडत्याच्या किंवा वाहतूकदाराच्या वखारीत कट्टा उतरतो आणि इथं पहिल्यांदा थांबतो. कारण ट्रक रोज मिळतो, जहाज रोज मिळत नाही. जहाजाची तारीख ठरलेली, त्यात जागा धरावी लागते, आणि हवा बिघडली तर ठरलेली तारीखही पुढं जाते.

मुख्य भूमीवरून अंदमानला जहाजं चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम या तीन बंदरांतून सुटतात. चेन्नईहून पोर्ट ब्लेअर सुमारे १,१९० किलोमीटर. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने या शहराचं नाव श्री विजयपुरम केलं. बोलण्यात आणि व्यापारात जुनं नाव अजून चालतं. प्रवासी जहाजाला हे अंतर कापायला अडीच ते तीन दिवस लागतात, आणि ही जहाजं माणसांबरोबर मालही नेतात. बाकी बराच माल निव्वळ मालवाहू जहाजांतून जातो.

मराठी माणसाला या वाटेची ओळख वेगळ्या कारणाने आहे. १९११ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांना अंदमानात नेलं ते ‘महाराजा’ नावाच्या बोटीने. तेव्हा ते काळं पाणी होतं. आज त्याच पाण्यावरून डाळ-साखर जाते.

पोर्ट ब्लेअरच्या हॅडो धक्क्यावर कट्टा उतरला की काम संपलं असं वाटेल. इथून तर खरी बेटांमधली वाहतूक सुरू होते. अंदमान-निकोबारमध्ये वस्तीची बेटं तीसच्या आसपास आहेत आणि ती उत्तर-दक्षिण लांबवर पसरलेली आहेत. कार निकोबार पोर्ट ब्लेअरपासून अडीचशे किलोमीटरच्या पुढं, कॅम्पबेल बे पाचशेच्या पुढं. हे अंतर जळगाव ते मुंबईपेक्षा जास्त, आणि मधे सगळं पाणीच. अंदमान प्रशासनाचं जहाज सेवा संचालनालय बेटांमधली जहाजं आणि फेऱ्या चालवतं. कट्टा पुन्हा वखारीत जातो, पुन्हा पाळीची वाट बघतो, पुन्हा लहान जहाजावर चढतो. मग कॅम्पबेल बेच्या जेट्टीवर उतरतो आणि टेम्पोतून दुकानात जातो.

मिलच्या दारापासून दुकानाच्या फळीपर्यंत हा कट्टा आठ-दहा वेळा उचलून ठेवला जातो. कुठं हमालाच्या पाठीवर, कुठं क्रेनच्या जाळीत. बाजार समितीत काम केलेल्या कुणालाही याचा अर्थ लगेच कळेल. दर उचलीला हमाली लागते, दर उचलीला एखादं पोतं फाटतं आणि दर थांब्यावर वखारीचं भाडं चढतं.

पाण्यावरचं भाडं स्वस्त, मग माल महाग का?

पाण्यावरून माल नेणं मुळात स्वस्तच. देशांतर्गत जलमार्गांबाबत सरकार जे आकडे देतं, त्यांत एक टन माल एक किलोमीटर न्यायला रस्त्याने साधारण अडीच रुपये, रेल्वेने १ रुपया ३६ पैसे आणि पाण्याने १ रुपया ६ पैसे असा हिशोब मांडलेला असतो. हे आकडे नदी-कालव्यांवरच्या वाहतुकीसाठी आहेत, पण तत्त्व समुद्रालाही तेच लागू. पाण्यावर तरंगणारं वजन ढकलायला जोर कमी लागतो. एका जहाजात शेकडो ट्रकांचा माल मावतो, आणि तेवढ्या ट्रकांना तेवढेच ड्रायव्हर लागले असते.

ही स्वस्ताई मोठ्या जहाजाची आहे. मोठं जहाज, पूर्ण भरलेलं, लांबचं अंतर आणि धक्क्यावर झटपट उतराई, असं जुळलं तरच ती मिळते. बेटांच्या बाबतीत यातलं निम्मं जुळत नाही. पाच-दहा हजार वस्तीच्या बेटाला एका वेळी लागतो तो माल थोडा. म्हणून जहाज लहान. लहान जहाजालाही खलाशी, इंजिन, डिझेल, तपासणी हे सगळं लागतंच, मग दर टनामागचा खर्च वाढतो.

सगळ्यात मोठा घोळ परतीचा. सावदा-रावेरहून केळी भरून दिल्लीला गेलेला ट्रकवाला तिथं रिटर्न भाडं शोधतो. मिळालं तर फेरी सुटते, नाही मिळालं तर जातानाच्या भाड्यातच येण्याचा खर्च काढावा लागतो. जहाजाचंही अगदी तसंच. बेटांवर जाताना डाळ, सिमेंट, सळई, मोटरसायकली असं सगळं भरून जातं. येताना खोबरं, सुपारी, सुका मासा, रिकामे सिलिंडर. वजनाने हे जाणाऱ्या मालाच्या जवळपासही जात नाही. अर्धं रिकामं येणाऱ्या जहाजाचा खर्च शेवटी डाळीच्या आणि सिमेंटच्या अंगावर पडतो. सरकारी जहाज असेल तर तो भार सरकार उचलतं, म्हणजे देशभरचा करदाता.

ही अडचण आपल्याच देशात आहे असं नाही. १७ हजार बेटांच्या इंडोनेशियाने २०१५ च्या सुमारास ‘तोल लाऊत’, म्हणजे समुद्रातला महामार्ग, अशी योजना काढली. पूर्वेकडच्या लांबच्या बेटांना ठरलेल्या वेळापत्रकाने जहाज जावं, भाड्याला सरकारी अनुदान मिळावं आणि तिथले भाव उतरावेत, असा विचार. जहाजं सुरू झाली, पण येताना ती भरायची कशाने, हा प्रश्न तिथंही उभा राहिला. जाणारा माल वाढवणं सोपं आहे. बेटावर पिकणाऱ्या किंवा बनणाऱ्या वस्तूला गिऱ्हाईक मिळवून देणं अवघड.

कंटेनरने काही प्रमाणात हे दुखणं हलकं केलं आहे. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण २० टन माल बसतो, म्हणजे ५० किलोचे ४०० कट्टे. ते एकदा मिलवर भरून सील केले की पोर्ट ब्लेअरपर्यंत कुणी हात लावायचं कारण नाही. चोरी कमी, फाटाफाट कमी, हमाली एकदाच. पण लहान बेटाच्या जेट्टीवर कंटेनर उचलणारी क्रेन नसते. तिथं पुन्हा पोती मोकळी करावीच लागतात.

लक्षद्वीपला जहाज किनाऱ्याला लागतच नाही

लक्षद्वीपची तऱ्हा आणखी निराळी. ही बेटं केरळच्या किनाऱ्यापासून २२० ते ४४० किलोमीटरवर. माल कोची, कोझिकोडजवळचं बेपूर आणि मंगळूर या बंदरांतून जातो. अंतर अंदमानपेक्षा कितीतरी कमी, पण बेटांभोवती प्रवाळाचे खडक आहेत आणि त्यांच्या आत उथळ पाणी. बऱ्याच बेटांवर मोठं जहाज आत येऊच शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं. लहान होड्या त्याच्या कडेला येऊन लागतात आणि हलत्या जहाजातून हलत्या होडीत माणसं आणि पोती उतरवली जातात. लाट मोठी असेल तर उतराई थांबते.

त्यात पावसाळा. बेपूर-मंगळूरहून जाणाऱ्या लहान लाकडी यांत्रिक जहाजांना मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्रात जायला मनाई असते. चार महिने फक्त मोठ्या जहाजांचा भरवसा. म्हणून बेटावरचा दुकानदार एप्रिल-मेमध्येच माल भरून ठेवतो, आणि शिधावाटपाचं धान्यही आधी पोचवावं लागतं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या माणसाला हे नवीन वाटणार नाही. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत नर्मदाकाठची काही गावं सरदार सरोवराच्या पाण्यामुळे जवळजवळ बेटंच झाली. तिथं दवाखानाही तरंगता आहे, आणि होडीशिवाय पलीकडं जाता येत नाही. सातपुड्यातल्या दुर्गम पाड्यांवर पावसाळ्याआधी धान्य आगाऊ पोचवण्याची पद्धत याच कारणाने पडली. लक्षद्वीपच्या दुकानदाराचं गणित तेच, फक्त पाण्याचा पट्टा मोठा.

चार महिन्यांचा माल आधी भरायचा म्हणजे चार महिन्यांचं भांडवल अडकतं. दमट हवेत डाळीला भुंगा लागतो, साखर पाझरते, कांद्याला कोंब फुटतात. साक्री-पिंपळनेरचा कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, कारण चाळीला खालून-वरून वारा असतो. तोच कांदा जहाजाच्या बंद पोटात चार दिवस ठेवला तर घाम धरतो. म्हणून बेटांवर जाणारा कांदा उघड्यावर किंवा वारा खेळेल अशा जागी ठेवावा लागतो, आणि तरीही काही टोपलीत टाकायचा म्हणून धरलेलाच असतो. केळीचा प्रश्न अंदमानात येत नाही, ती तिथं पिकतेच.

इंधनाच्या दरावरून हा वाहतुकीचा भार स्पष्ट दिसतो. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने लक्षद्वीपमधले पेट्रोल-डिझेलचे दर उतरवले. कवरत्ती आणि मिनिकॉय बेटांवर लिटरमागे ५ रुपये २० पैसे, तर आंद्रोत आणि कल्पेनीवर तब्बल १५ रुपये ३० पैसे. बेटांवर इंधनाचा डेपो बांधायला झालेल्या खर्चाची वसुली दरातून चालली होती, ती थांबवली, असं कारण दिलं गेलं. खप इतका थोडा की एका टाकीचा खर्च वसूल व्हायला दर लिटरमागे एवढे रुपये लावावे लागत होते. जळगावच्या पंपावर हाच खर्च लाखो लिटरमध्ये वाटला जातो आणि गिऱ्हाइकाला कळतही नाही.

जहाज बंद पडलं तर काय होतं, हेही लक्षद्वीपने पाहिलं आहे. प्रत्येक जहाजाला ठरावीक काळाने सुक्या गोदीत चढवून दुरुस्ती आणि तपासणी करावी लागते. काही वर्षांपूर्वी इथली अनेक जहाजं एकाच सुमारास दुरुस्तीत अडकली, तेव्हा तिकिटासाठी रांगा लागल्या आणि लोकांनी आवाज उठवला. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ थेट या बेटांवरून गेलं. त्याआधी २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीने निकोबारमधल्या जेट्ट्याच मोडल्या होत्या. धान्य घेऊन आलेलं जहाज उभं कुठं करायचं, अशी वेळ आली आणि नौदलाला उतरावं लागलं. खान्देशात पूल वाहून गेला तर दुसऱ्या रस्त्याने वळसा पडतो. बेटाला वळसा नसतो.

कोकणाने बोट सोडली, बेटांना ते जमणार नाही

एक काळ असा होता की कोकणातही असंच चालायचं. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, पणजीला माणसं आणि माल आगबोटीने जायचे. पावसाळ्यात सेवा बंद. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट बुडाली, त्यात सहाशेहून जास्त माणसं गेली, ती आठवण कोकणात अजून काढतात. पुढं रस्ते सुधारले, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तोवर बोटी संपल्याच होत्या. रस्ता आला की बोट जाते, हा मुख्य भूमीवरचा अनुभव. बेटांना रस्ता येणारच नाही. तिथं जहाज ही एसटीसारखी गरज आहे, आणि एसटीसारखंच तिला तोट्यात का चालवता असं विचारणं फारसं उपयोगाचं नाही. किती तोटा आणि कुणी भरायचा, एवढाच प्रश्न उरतो.

खान्देशाचा यात काय संबंध?

संबंध जुना आहे. सुरत बंदर भरभराटीला होतं तेव्हा बऱ्हाणपूर ते सुरत ही व्यापाराची मोठी वाट खान्देशातूनच जायची. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए याच वाटेने गेला आणि नवापूरच्या सुवासिक तांदळाचं कौतुक लिहून ठेवून गेला. त्या वाटेवर आता ५३ नंबरचा महामार्ग आहे.

हजिऱ्यातून खंभातच्या आखातापलीकडं भावनगरजवळच्या घोघ्याला नोव्हेंबर २०२० मध्ये रो-पॅक्स सेवा सुरू झाली. रो-पॅक्स म्हणजे ट्रक चालवत आत न्यायचा आणि पलीकडं चालवतच बाहेर काढायचा. माल उतरवायचं काम नाही. रस्त्याने ३७० किलोमीटरचा वळसा आहे, समुद्रातून ९० किलोमीटर. दहा-बारा तासांच्या जागी सुमारे चार तास. पहिल्या जहाजाची क्षमता ३० ट्रक, १०० कार आणि ५०० प्रवासी अशी सांगितली गेली. धुळ्याहून कोंडाईबारी घाट उतरून नवापूरमार्गे सौराष्ट्रात जाणाऱ्या ट्रकवाल्याला भाडं, वेळापत्रक आणि वाचलेलं डिझेल यांचा हिशोब मांडूनच हा पर्याय परवडतो का ते ठरवावं लागतं.

बाकीचे धागे दिसत नाहीत, पण आहेत. तामिळनाडूच्या सूतगिरण्या महाराष्ट्र-गुजरातचा कापूस घेतात. गुजरातच्या बंदरांतून गाठी जहाजाने दक्षिणेत नेण्याचे प्रयोग झाले आहेत. खताचंही तसंच. ‘रेक लागला का?’ हा प्रश्न आपल्याकडे दर खरिपाला विचारला जातो. अनुदानित खत समुद्रमार्गे नेलं तर त्या भाड्याचीही भरपाई मिळेल, असा निर्णय केंद्राने २०१९ मध्ये घेतला. रेल्वेच्या वाघिणींवरचा ताण थोडा हलका व्हावा, हा त्यामागचा हेतू.

कायद्याचा भागही थोडक्यात समजून घ्यायला हवा. देशातल्या दोन बंदरांमध्ये माल नेण्याचा पहिला हक्क भारतीय झेंड्याच्या जहाजाला असतो. परदेशी जहाजाला परवाना लागतो. मे २०१८ मध्ये शेतमाल, फळं-भाज्या, मासळी यांसाठी ही अट सैल केली. ऑगस्ट २०२५ मध्ये तटीय जहाज वाहतुकीचा स्वतंत्र कायदा आला. भारतीय जहाजांवरची परवान्याची अट काढणं हा त्याचा एक भाग. जहाजं वाढली तर स्पर्धेने भाडं उतरेल, असं एका बाजूचं म्हणणं. परदेशी कंपन्या फायद्याच्या मोठ्या बंदरांमध्ये गर्दी करतील आणि लहान बेटांची तोट्याची फेरी सरकारच्याच गळ्यात राहील, ही दुसऱ्या बाजूची भीती. दुसरं म्हणणं सहज झटकून टाकण्यासारखं नाही.

माल पाठवायचाच असेल तर

खान्देशातल्या एखाद्या मिलवाल्याने किंवा शेतकरी कंपनीने बेटांवर माल पाठवायचं ठरवलं, तर काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्या लागतात. बिल्टी चेन्नईपर्यंतची आहे की पोर्ट ब्लेअरपर्यंतची? वखारीत माल पडून राहिला तर त्याचं भाडं कुणी द्यायचं? पोत्याच्या आत प्लास्टिकचा अस्तर आहे का? विमा गोदामापासून गोदामापर्यंतचा आहे, की फक्त जहाजावरचा?

विम्याचा प्रश्न खास महत्त्वाचा, कारण समुद्राचा एक नियम रस्त्यावर नसतो. वादळात जहाज वाचवायला कप्तानाने काही माल समुद्रात टाकला, तर ते नुकसान फक्त त्या मालाच्या मालकाचं राहत नाही. जहाजाचा मालक आणि ज्यांचा माल वाचला ते सगळे, आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात ते वाटून घेतात. याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. म्हणजे जळगावच्या डाळीचा एक दाणाही भिजला नसला, तरी दुसऱ्याच्या बुडालेल्या सिमेंटपोटी डाळवाल्याला पैसे भरावे लागू शकतात, आणि ते भरल्याशिवाय माल हातात मिळत नाही. सागरी विम्यात साधारणपणे हा वाटा धरलेला असतो. ट्रकच्या साध्या विम्यावर माल चढवला असेल, तर ही रक्कम खिशातून जाते.